'जलद' हा शब्द संस्कृत आहे का?

नाही. संस्कृतात 'जलद' म्हणजे पाणी देणारा, ढग. आपला घाईचा 'जलद' फारसीतून आला, हिंदीतल्या 'जल्दी'चा तो सख्खा भाऊ.

सोलापुरात तर एकाच गल्लीत तीन भाषांतली घाई ऐकू येते. कन्नड घरात 'बेग बा', तेलुगू घरात 'त्वरगा रा', आमच्याकडे 'लवकर ये'. 'बेग' हे 'वेग'चंच रूप, कन्नडात 'व'चा 'ब' झाला. 'त्वरगा'त आपली 'त्वरा' आहे. म्हणजे दोन्ही द्रविड भाषांनी इथे संस्कृत शब्द घेतला.

मला मात्र मराठीचे पटकन, झटकन, सर्रकन जास्त आवडतात. विणकराच्या मागावर धोटा (आडवा धागा नेणारं साधन) सर्रकन जातो म्हटलं की वेग कानाला ऐकू येतो. ही गोडी 'शीघ्र'मध्ये नाही.