व्हिडिओ पाहिलेला असताना दुर्गम क्रीकवर (अरुंद, तीव्र उताराच्या डोंगरी ओढ्यावर) कयाक चालवताना प्रत्येक ठिकाणी उतरून स्काउटिंग (पुढची वाट काठावरून पाहून घेणं) करायची गरज असते का? आणि बोट कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की क्रीक रस्त्यापासून लांब आहे, बराचसा घळीतून जातो, ग्रेड ४ ची, म्हणजे अवघड, खवळलेल्या पाण्याची, तुम्हाला सवय आहे आणि वरपासून खालपर्यंतचा एक व्हिडिओ नीट पाहून झाला आहे. बोटीचं शेवटी बोलू. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, उतरायचं. ज्या आडव्या रेषेपलीकडचं पाणी बोटीतून दिसत नाही, तिथे प्रत्येक वेळी उतरायचं. यावरून माझा एका चांगल्या, माझ्याहून ताकदवान कयाकरशी जुना वाद आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

नकाशा आधी. उताराची सरासरी फसवते. ५ किलोमीटरमध्ये १५० मीटर म्हणजे किलोमीटरला ३० मीटर, हे जमण्यासारखं वाटतं. पण त्यातले ८० मीटर एकाच किलोमीटरात उतरत असतील तर तो किलोमीटर वेगळाच क्रीक आहे. म्हणून उतार अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरने काढा. समोच्च रेषा २० मीटरच्या असतील तर १५ मीटरचा धबधबा दोन रेषांच्या मध्ये आरामात मावतो. उपग्रहाच्या मोजणीवरून काढलेला नदीचा आलेख अरुंद घळीत कड्याची उंची आणि पाण्याची उंची एकत्र करून टाकतो. आलेखात पाणी मध्येच चढ चढताना दिसलं तर त्या पट्ट्यातल्या एकाही आकड्यावर विसंबू नका, तिथे पायी जाऊनच कळेल.

उपग्रहाची चित्रं एकाच तारखेची पाहू नका. भर पाण्यातलं एक आणि कोरड्या हंगामातलं एक शेजारी ठेवा. पाणी उतरल्यावरही जिथे पांढरं राहतं तिथे खरी उडी आहे. जिथे कायम सावली आहे तिथे काहीच दिसलेलं नाही असं धरा.

खडक कोणता आहे हेही बघा. ग्रॅनाइटमध्ये गुळगुळीत घसरण्या मिळतात, पण मोठमोठे धोंडे एकावर एक रचले गेले असतील तर त्यांच्या फटींतून पाणी जातं आणि माणूस जात नाही. त्यालाच आपण सिव्ह म्हणतो. चुनखडीत काठ आतून पोखरलेले असतात, अख्खा प्रवाह जमिनीखाली गडप होऊ शकतो. बेसॉल्टमध्ये कडा सरळ आणि देखणी असते, पण खालचा मऊ थर झिजून धबधब्यामागे पोकळी तयार झालेली असते. रांजणखळगे कमी पाण्यात निरुपद्रवी वाटतात, मध्यम पाण्यात बोटीचं नाक तिथेच अडकतं.

पाण्याचा हिशोब मात्र फारच कमी लोक करतात. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी. तुमच्या क्रीकचं पाणलोट क्षेत्र ३० चौरस किलोमीटर धरा आणि रात्री १० मिलिमीटर पाऊस पडला असं समजा: ३,००,००० घनमीटर. त्यातलं निम्मं सहा तासांत वाहून आलं तर सरासरी ७ क्युमेकची (सेकंदाला ७ घनमीटरची) भर पडते. आदल्या संध्याकाळी ५ क्युमेक असलेला क्रीक सकाळी १२ वर असेल. व्हिडिओ ५ चा असेल तर तो आता दुसऱ्याच क्रीकचा व्हिडिओ आहे. बर्फाच्या पाण्यावर चालणारा क्रीक दुपारनंतर चढतो, आणि वितळणारं बर्फ जितकं लांब तितका उशिरा. म्हणून अवघड टप्पा सकाळी उरकतील असे मुक्काम आखावेत. तिबेटमधल्या त्सांगपो घळीचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये गेलेल्या संघाला पाणी अपेक्षेहून खूप जास्त मिळालं आणि त्यांनी एक कयाकर गमावला. २००२ मध्ये स्कॉट लिंडग्रेन यांच्या नेतृत्वाखालचा संघ मुद्दाम हिवाळ्यात, कमी पाण्यावर गेला आणि वरच्या घळीतून पार पडला. पाण्याची पातळी निवडणं हा स्काउटिंगचाच भाग आहे.

आता ती जागा, जिच्यावरून वाद झाला. दोन टप्प्यांची उडी होती. वर दोनेक मीटरचा कट्टा, मग वीस मीटर वेगाने धावणारं पाणी, मग चार मीटरचा धबधबा. व्हिडिओत सगळे डावीकडून बूफ मारून (कडेवर जोरदार स्ट्रोक घेऊन, बोटीचं नाक वर ठेवून उडी घेत) कोरड्या तोंडाने खाली उतरतात. आमच्या या सोबत्याचं म्हणणं होतं की लाइन (पाण्यातून जायची वाट) माहीत आहे, वेळ घालवू नका, चार-चार सेकंदांच्या अंतराने एकामागून एक जाऊ. आमच्यातल्या एका मैत्रिणीने आणि मी बोटी कट्ट्याच्या वरच्या एडीत (काठाजवळच्या, थांबता येईल अशा संथ पाण्यात) लावून उतरायचं ठरवलं. ही एडी महत्त्वाची. धबधबा पाहायचा म्हणून लोक धबधब्याशेजारी कुठे थांबता येईल ते शोधतात. शोधायची असते ती शेवटची एडी, जिथून बोट खांद्यावर घेऊन बाहेर पडता येतं. इथे कट्टा उतरल्यावर दोन्ही बाजूंना सरळ भिंती होत्या. म्हणजे खालच्या उडीचा निर्णय वरच्या उडीच्या आधीच घ्यायला हवा होता.

स्काउटिंग खालून वर करायचं असतं. आधी थेट डोहापर्यंत जायचं आणि पोहणारा माणूस कुठे बाहेर येईल, त्याच्या पुढे काय आहे हे बघायचं. मग उडीचा पायथा, मग कडा, आणि सगळ्यांत शेवटी वरून आत शिरायची वाट. उलट दिशेने आलात तर सोपी सुरुवात बघूनच मन तयार होतं आणि खालचा धोका त्या तयार मनाने पाहिला जातो.

खाली गेल्यावर डाव्या बाजूचा पाण्याचा पडदा एका ठिकाणी फाटलेला दिसला, तिथून शिंतोडे आडवे उडत होते. वरून ते दिसतच नव्हतं, कारण पाणी त्याच्यावरूनच पडत होतं. कड्याच्या खाली तिरका ओंडका रुतला होता. मधल्या पुराने आणलेला असणार, व्हिडिओत तो नव्हता. मैत्रिणीने वरून डाव्या आणि उजव्या धारेत हातभर लांबीच्या काटक्या सोडल्या. उजव्या धारेतल्या लगेच डोहात वर आल्या. डावीकडच्या आल्याच नाहीत. काटक्यांची ही परीक्षा अगदी साधी आहे, आणि जिथे पाणी आत जाताना दिसतं पण बाहेर येताना दिसत नाही तिथे ती केल्याशिवाय बोट घालू नये.

खडकावर आदळणाऱ्या पाण्याकडेही असंच बघायचं. खडकाच्या तोंडाशी पाण्याची फुगीर उशी दिसली तर पाणी उलट फिरतंय, बोटीलाही ते बाहेर ढकलेल. उशी नाही आणि पाणी सरळ खडकात शिरल्यासारखं दिसतंय, तर खालून तो पोखरलेला आहे. होलचा (उडीखाली पाणी उलटं फिरून मागे ओढतं त्या जागेचा) आकार बघा: मध्य वरच्या बाजूला आणि दोन्ही टोकं प्रवाहासोबत खाली कललेली असतील तर बाजूने निसटता येतं. टोकं वर आणि मध्य खाली असेल तर पाणी तुम्हाला पुन्हा पुन्हा मध्यात आणून टाकतं. उकळी फुटते ती जागा उडीच्या पायथ्यापासून किती लांब आहे ते मोजा, कारण त्या उकळीच्या अलीकडचं सगळं पाणी मागे ओढतं. आणि उंचावरून पाहताना प्रत्येक उडी लहान आणि सपाट भासते. म्हणून खुणा ठरवताना पाण्याच्या पातळीपर्यंत खाली बसून बघा. वरून ठळक दिसणारा काळा धोंडा बोटीतून लाटेआड जातो.

आम्ही उजव्या कातळावरून बोटी बारा मीटर दोराने सोडल्या आणि खालच्या डोहात सील लाँच केलं (कातळावरच बोटीत बसून पाण्यात घसरलो). पाच बोटींना दोन तासांच्या आसपास लागले. सोबत्याचं आजही म्हणणं आहे की ओंडका कडेवरून दिसला असता आणि तो स्वतः ऐन वेळी उजवीकडे वळला असता. याचा हिशोब मांडतो. पाणी सेकंदाला तीन मीटरने धावत होतं, म्हणजे वीस मीटरला सात सेकंदही नाहीत. त्यात कट्ट्याच्या होलमधून बाहेर यायचं, बोट सरळ करायची, ओंडका हेरायचा आणि मुख्य धार कापून सहा मीटर उजवीकडे जायचं. शिवाय ओंडका पडद्याखाली होता, तो कडेवरून दिसणारच नव्हता. आणि मागची बोट चार सेकंदांवर असताना पहिल्याने पाहिलेलं दुसऱ्याला सांगायचं कधी?

त्याचा दुसरा मुद्दा मला जास्त खटकतो. तो म्हणतो, उतरून बघत बसलं की धैर्य गळतं. काठावर अर्धा तास नुसतं टक लावून उभं राहिलं तर गळतंच, हे मान्य. म्हणून बघायला जाताना तीनच गोष्टी ठरवायच्या: ही लाइन मला आज जमते का, चुकली तर मी कुठे जाईन, आणि तिथे दोर घेऊन कोण उभं आहे. तिन्हींची उत्तरं मिळाली की लगेच बोटीत बसा. एक जरी नसेल तर बोट उचला. पाहिल्यावर जे धैर्य टिकत नाही त्याच्या भरवशावर चार मीटर उडी मारू नये. आणि बोट उचलणाऱ्याला कोणी एक शब्द बोलायचा नाही.

दोर घेऊन उभं राहायची जागा उडीशेजारी नसते. माणूस जिथे वर येईल त्याच्या थोडं खाली उभं राहा, दोर ताणल्यावर तो झोका घेऊन कुठल्या तरी एडीत जाईल अशा बेताने. थ्रो बॅग (फेकायच्या दोराची पिशवी) २० मीटरची हवी. खूण नेहमी सुरक्षित वाटेकडे करायची, धोक्याकडे कधीच नाही. पॅडल उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा, तीन शिट्ट्या म्हणजे अपघात.

वेळ वाया जातो या तक्रारीवर उपाय आखणीत आहे. अनोळखी घळीत पहिल्यांदा जाताना तासाला एक किलोमीटर धरा. आठ किलोमीटरला आठ तास. अंधार पडायच्या दोन तास आधी बाहेर पडायच्या वाटेशी असायला हवं. हे जुळत नसेल तर मुक्काम धरा किंवा टप्पा छोटा करा. घळीतून वर चढून निघता येईल अशा जागा आधी काठाने चालून, जीपीएसवर नोंदवून घ्या. प्रत्येक थांब्यावर पाण्याच्या कडेला दगड ठेवा. तो बुडाला, किंवा पाणी गढूळ होऊन पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, तर पुढच्या बंद घळीत शिरू नका. ड्रोन जवळ असेल तर ओंडके शोधायला वापरा, पण तोही वरूनच बघतो. पोखरलेला काठ आणि पडद्यामागचं लाकूड त्याला दिसत नाही.

हे सगळं रस्त्याकडेच्या, डोह आणि उडी असा क्रम असलेल्या, त्याच आठवड्यात कोणीतरी केलेल्या ग्रेड ३ ला लागू नाही. तिथे पुढची एडी बोटीतून दिसत असेल तर एडी-एडीने जा, सोबत्याचीच पद्धत तिथे बरोबर आहे. आणि संघ किमान तिघांचा हवा: एक जखमी, एक त्याच्यापाशी, एक मदतीला. दोघंच असाल तर तुम्ही विचारलेला क्रीक करू नका.

आता बोट. पूर्ण आकाराची क्रीक बोट, अडीच ते पावणेतीन मीटर लांब, गोलसर तळाची. छोटी, चपळ बोट घेऊ नका. सामानासकट तुमचं वजन कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला जात असेल तर एक माप मोठी घ्या. रिकामी बोटच वीस किलोच्या वर असते, मुक्कामाचं सामान दहा-बारा किलो. जड वस्तू सीटच्या लगेच मागे आणि तळाशी ठेवा. त्या मागच्या टोकाला गेल्या तर नाक उचललं जातं, मागचं टोक पाण्यात बसतं आणि बूफचा शेवटचा स्ट्रोक वाया जातो. उरलेल्या जागेत हवेच्या पिशव्या गच्च भरा. चार तुकड्यांचं सुटं पॅडल संघात किमान एक, तीन कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या), दोन पुली, दोन प्रुसिक (मोठ्या दोरावर पकड घेणारे छोटे दोरफास), घडीची करवत आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र. हे यंत्र बोटीत ठेवू नका, लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवा. बोट वाहून गेली तर मदत मागायला तेच उरतं.