घड्याळ म्हणतं, तुम्ही दमलात

"मॅडम, मला बरं वाटतंय, पण घड्याळ म्हणतं मी दमलेय. खरं कोणाचं धरू?"

पुण्यात समुपदेशन करायचं आणि पळणारे भेटायचे नाहीत, हे आता अशक्य आहे. शब्द बदलतात, प्रश्न हाच असतो. त्यातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

वय ४४, बँकेत अधिकारी, सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू. डॉक्टरांकडे जाऊन स्ट्रेस टेस्ट केलेली, हृदय ठणठणीत. पण सोपं पळायचं म्हटलं की हृदयाचे ठोके मिनिटाला १२३ झाले रे झाले, घड्याळ किंचाळायचं आणि त्या चालायला लागायच्या. "काल पर्वतीच्या पायथ्याशी रडले मी. साठीचे आजोबा पुढे गेले."

१२३ आले कुठून? २२० वजा वय म्हणजे हृदयाचे जास्तीत जास्त ठोके, त्यांचे १७६, आणि सोप्या पळण्यासाठी त्याचे ७० टक्के. हे सूत्र सरासरीचं आहे. खऱ्या माणसाचा आकडा त्याच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी सामान्य. पुढे त्यांनी छातीचा पट्टा लावून चढावर जीव तोडून पळून पाहिलं तेव्हा १८९ दिसले, म्हणजे सोप्या पळण्याची मर्यादा १३२ च्या आसपास. मनगटावरचं घड्याळ तर कधी कधी नाडीऐवजी पावलांचाच ठेका मोजतं.

हे त्यांना कोचनेही सांगितलं असतं. मी विचारलं, "घड्याळ बघण्याआधी तुम्हाला काय वाटत होतं?"

बराच वेळ गेला. "आठवत नाही. मी आधी घड्याळच बघते."

तिथेच मला धागा सापडला. (लहानपण उकरायची मला हौस नाही, ते आपणहून वर येतं.) घरी "दमले" म्हटलं की उत्तर यायचं, "सोंगं करू नकोस." दमल्याचा पुरावा द्यावा लागायचा. आता पुरावा मनगटावर बांधलेला होता.

मी एकच काम दिलं. पळून आल्यावर घड्याळ बघण्याआधी वहीत १ ते १० मध्ये कष्टाचा आकडा लिहायचा, सोबत झोप आणि दिवस कसा गेला ते. मगच ठोके आणि वेग. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अशी कष्टाची मोजपट्टी केली होती. तिचे आकडे दसपट केले की साधारण ठोक्यांच्या जवळ जातात. माणसाच्या जाणिवेवर त्यांनी विश्वास ठेवला, म्हणून मला ते फार आवडतात.

सहा आठवड्यांनी त्या वही घेऊन आल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "हे बघा, ३१ तारीख. मी ७ लिहिलंय. वेग नेहमीचाच आणि ठोके १४६! आदल्या रात्री क्लोजिंग, चार तास झोप." पानं उलटत गेल्या. जिथे त्यांनी ७-८ लिहिलं होतं, तिथे बहुतेक वेळा ठोकेही चढलेले. मग थांबून हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी सोंग करत नव्हते."

मी काही बोलले नाही. असे क्षण वर्षात दोन-तीनच येतात, आणि त्यासाठीच मी ही खुर्ची सोडत नाही.

मग घड्याळ फेकून द्यायचं का? मुळीच नाही. जाणीवही फसवते. शर्यतीच्या उत्साहात पहिले दोन किलोमीटर सगळ्यांनाच सोपे वाटतात, तिथे घड्याळातला वेग बघून लगाम घालावा. सपाटीवर चारशे मीटरचे जोरदार फेरे मारताना ठोके मागून येतात, म्हणून तिथेही वेगच बघा. घाटात वेगाला अर्थ नाही. उन्हाळ्यात किंवा लांब पळताना वेग तोच राहून ठोके चढत जातात, त्याला घाबरू नका, जरा हळू व्हा. रक्तदाबाची बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी दिसतात, तेव्हा कष्ट कसे वाटतात तेच धरा. मात्र छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर वही नाही, डॉक्टर गाठायचे.

सोपं पळणं ओळखायला पुढे मी ताईंना पळता पळता सतराचा पाढा मोठ्याने म्हणायला सांगितलं, धापेने अडला तर पळणं सोपं राहिलं नाही. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटाच्या चढावर तो सहाव्या ओळीला अडला, तेव्हा त्या चालू लागल्या. ठोके किती होते, हे मी विचारलं.

"बघायचं राहूनच गेलं की हो," म्हणाल्या.