मनोविकारांची औषधं कशी शिकावीत: तास, आठवडे आणि वर्षांच्या हिशेबाने

तुम्ही लिहिलंय की मानसिक आरोग्यातल्या नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमात औषधांचे तक्ते पाठ झालेत, परीक्षेत गुणही बरे मिळतात, पण रुग्ण समोर बसला की काहीच आठवत नाही. एवढ्या औषधांपैकी किती आणि किती खोलात माहीत असायला हवीत, आणि रिसेप्टरचे (पेशीवर औषध जिथे चिकटतं त्या जागांचे) तक्ते पाठ करायचे का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर: सुरुवातीला पंधराएक औषधं पुरेत, पण त्यातलं प्रत्येक वेळेच्या हिशेबाने शिका. तक्त्यात एका औषधाचे सगळे दुष्परिणाम एकाच रकान्यात शेजारी शेजारी लिहिलेले असतात. शरीरात ते तसे येत नाहीत. एखादा पहिल्या रात्री दिसतो, एखादा तिसऱ्या आठवड्यात, एखादा चार वर्षांनी. रुग्ण कितव्या दिवशी तुमच्यासमोर बसलाय हे कळलं, की काय विचारायचं ते आपोआप सुचतं. म्हणूनच पाठ केलेलं तेव्हा आठवत नाही आणि असं शिकलेलं आठवतं.

उदाहरणार्थ, नैराश्यावरचं सर्ट्रालिन. पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, झोप बिघडणं, थोडी अस्वस्थता. यातलं बरंचसं आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. मन हलकं व्हायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण परिणाम जोखायला सहा ते आठ. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं नाही, तर रुग्ण पाचव्या दिवशी गोळ्या बंद करतो आणि पुढे कायम म्हणतो, 'ते औषध मला चाललं नाही.' पंचविशीच्या आतला रुग्ण असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत आणि प्रत्येक वेळी डोस बदलल्यावर आत्महत्येचे विचार वाढतात का, हे विचारायलाच हवं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००४ मध्ये मुलांसाठी हा ठळक इशारा दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. त्यामुळे अशा रुग्णाला 'महिन्याने या' म्हणून पाठवू नका, आठवड्याभरात बोलवा. वृद्धांमध्ये पहिल्या महिन्यात सोडियम उतरू शकतं, थायझाइड (लघवी वाढवणारं रक्तदाबाचं औषध) चालू असेल तर जास्तच. आजी अचानक गोंधळल्या किंवा पडल्या, तर वयाला दोष देण्याआधी सोडियम बघा. लैंगिक तक्रारी मात्र वेळेबरोबर सहसा जात नाहीत आणि रुग्ण आपणहून बोलत नाही. तो विषय तुम्ही काढायचा, साध्या आवाजात, जसं झोपेबद्दल विचारता तसं.

आणि हे सगळं लिहून देण्याआधी एक प्रश्न: आयुष्यात कधी कित्येक दिवस झोप न घेताही उत्साह ओसंडून वाहत होता का, पैसे उधळले होते का, घरच्यांना तुम्ही बदललेले वाटले होते का? बायपोलर आजाराच्या (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या) रुग्णाला नुसतं नैराश्यविरोधी औषध दिलं तर उन्माद उसळू शकतो.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते अकाथिसिया, म्हणजे औषधामुळे एका जागी बसवत नाही अशी तळमळ. अँटिसायकोटिक (भ्रम-भासांवरचं औषध) सुरू झालं, हॅलोपेरिडॉल असेल, रिस्पेरिडोन असेल, अॅरिपिप्राझोल असेल. काही दिवसांत रुग्ण येरझारा घालू लागतो, खुर्चीवर बसला तर पाय हलवतो, उठतो, परत बसतो. नोंदीत लिहिलं जातं 'अस्वस्थता वाढली', आणि त्या नोंदीवरून डोस वाढवला जातो. ज्या औषधाने त्रास झाला तेच आणखी दिलं जातं. हे इतक्या वेळा घडतं की मी शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगते: अँटिसायकोटिक सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता दिसली, तर ती आजाराची आहे असं गृहीत धरण्याआधी दोन मिनिटं शेजारी बसा. विचारा: ही तळमळ पायांत आहे की मनात? एका जागी बसून राहणं सहन होतं का? हे औषधाच्या आधी होतं का? रुग्ण अनेकदा सांगतो, 'अंगातून बाहेर पडावंसं वाटतं.' हा त्रास क्षुल्लक नाही, आत्महत्येच्या विचारांशी त्याचा संबंध आहे. डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा प्रोप्रानोलॉल देणं हे नेहमीचे मार्ग आहेत. प्रोप्रानोलॉलआधी दम्याचं विचारायचं.

याच औषधांचे हालचालींचे बाकीचे दुष्परिणाम काळाच्या क्रमाने मांडा, म्हणजे गोंधळ होणार नाही. मान वाकडी होणं, जीभ बाहेर येणं, डोळे वर जाऊन अडकणं हे तासांत ते पहिल्या काही दिवसांत, तरुण पुरुषांत जास्त, आणि बेंझट्रोपिन किंवा प्रोमेथाझिन या अँटिकोलिनर्जिक औषधांच्या इंजेक्शनने लवकर सुटतं. हात कापणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं हे काही आठवड्यांत. ओठ-जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, म्हणजे टार्डिव्ह डिस्किनेशिया, हे महिन्यांनी-वर्षांनी. पहिल्या दोन प्रकारांत उपयोगी पडणारी अँटिकोलिनर्जिक औषधं या शेवटच्या प्रकारात काम करत नाहीत, उलट तो वाढवू शकतात. म्हणून रुग्ण कितीही बरा दिसत असला तरी एआयएमएस (अशा आपोआप होणाऱ्या हालचाली मोजण्याची) तपासणी ठरलेल्या अंतराने करत राहायची.

बायपोलर आजारावरच्या लिथियमबद्दल भीती बाळगू नका, पण हिशेब पक्का ठेवा. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग नोंदवला. आजही आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत त्याच्याइतका पुरावा फार थोड्या औषधांमागे आहे. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर साधारण पाच दिवसांनी रक्तातली पातळी स्थिरावते, आणि नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचा. सकाळी आठला गोळी घेऊन रुग्ण नऊला रक्त देऊन आला, तर तो आकडा निरुपयोगी आहे. त्यामुळे पातळी वाचण्याआधी 'शेवटची गोळी किती वाजता घेतली' हे विचारायची सवय लावा. दीर्घकाळच्या उपचारात पातळी (मिलिमोल प्रति लिटरमध्ये) साधारण ०.६ ते ०.८ आणि तीव्र उन्मादात १.० च्या आसपास ठेवतात; १.५ च्या वर विषबाधेची चिंता. पण केवळ आकड्यावर जाऊ नका. वयस्कर रुग्णात आकडा मर्यादेत असूनही विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. बोटांची बारीक थरथर नेहमीची आहे. हात ठळकपणे कापणं, बोलणं जड होणं, चालताना तोल जाणं, उलट्या-जुलाब ही धोक्याची खूण.

पातळी चढवणाऱ्या गोष्टी तोंडपाठ हव्यात: आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं, थायझाइड, रक्तदाबासाठीची एसीई इनहिबिटर आणि एआरबी गटातली औषधं, शरीरातलं पाणी कमी होणं, मीठ एकदम तोडणं. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून आणलेल्या गोळीला रुग्ण औषध समजतच नाही, त्यामुळे 'आणखी काही औषधं घेता का?' हा प्रश्न अपुरा आहे. 'अंग दुखलं, डोकं दुखलं तर काय घेता?' असं विचारा. आणि लेखी द्या: उलट्या, जुलाब किंवा ताप आला तर पुढची गोळी न घेता लगेच फोन करा. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम सुरुवातीला, मग साधारण दर सहा महिन्यांनी. आणि बरं वाटतंय म्हणून लिथियम अचानक तोडलं, तर आजार जोरात उलटू शकतो, हेही सुरुवातीलाच सांगायचं.

लॅमोट्रिजिन हेही बायपोलर आजारावरचं औषध; त्यात सगळा जोर डोस वाढवण्याच्या गतीवर आहे. दोन आठवडे २५ मिग्रॅ, पुढचे दोन ५०, मग हळूहळू वर. सोबत व्हॅल्प्रोएट (उन्माद आणि फिट यांवरचं औषध) असेल तर लॅमोट्रिजिनची पातळी साधारण दुप्पट होते, म्हणून सुरुवात दिवसाआड २५ ने. घाई केली तर स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमसारख्या, त्वचा सोलवटणाऱ्या गंभीर पुरळाचा धोका वाढतो, आणि तो मुख्यतः पहिल्या दोन महिन्यांतला. पाच दिवसांहून जास्त गोळ्या चुकल्या तर जुन्या डोसवर परत जायचं नाही, पुन्हा २५ पासून. रुग्णाला हे माहीत नसेल तर तो सहलीहून परतल्यावर थेट २०० ची गोळी घेईल. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लॅमोट्रिजिनची पातळी बरीच खाली आणतात, हेही लक्षात ठेवा. व्हॅल्प्रोएटबद्दल थोडक्यात: मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते शक्यतो नकोच. गर्भाच्या मज्जारज्जूवर आणि पुढे मुलाच्या बौद्धिक वाढीवर होणारा परिणाम पुराव्यानिशी माहीत आहे.

क्लोझापिन हे अँटिसायकोटिक बहुतेक ठिकाणी तुम्ही एकट्याने सुरू करणार नाही, पण ते घेणारा रुग्ण तुमच्याकडे नक्की येईल. पांढऱ्या पेशींची तपासणी सगळे लक्षात ठेवतात, कारण सुरुवातीचे काही महिने ती दर आठवड्याला असते. दोन गोष्टी मागे पडतात. पहिली बद्धकोष्ठता. ती ऐकायला किरकोळ वाटते, पण क्लोझापिनमध्ये आतडं बंद पडून माणसं दगावली आहेत. प्रत्येक भेटीत शौचाचं विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. दुसरी धूम्रपान. सिगारेटच्या धुरातले घटक यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम वाढवतात आणि औषध लवकर संपवतात. रुग्ण धूम्रपानबंदी असलेल्या वॉर्डात दाखल झाला, सिगारेट सुटली, की आठवड्याभरात त्याच डोसवर पातळी चढते: गुंगी, लाळ गळणं, तोल जाणं, फिट येण्यापर्यंत. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे निकोटिनची पट्टी लावली तरी हा बदल टळत नाही. घरी जाऊन पुन्हा ओढायला लागला की उलट, पातळी उतरते आणि आवाज ऐकू येऊ लागतात. ओलान्झापिनलाही हाच नियम, जरा सौम्य प्रमाणात. पहिल्या महिन्यात ताप, छातीत दुखणं, धडधड दिसली तर हृदयाच्या स्नायूचा दाह डोक्यात हवा. ४८ तासांहून जास्त खंड पडला तर पुन्हा १२.५ मिग्रॅपासून सुरुवात.

वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबी यांची नोंद अँटिसायकोटिक सुरू करण्यापूर्वी हवी. नंतर केली तर तुलनेला काही उरत नाही.

आपत्कालीन दोन चित्रं वेगळी ओळखता आली पाहिजेत, आणि इथेही वेळच मदत करते. सेरोटोनिन सिंड्रोम (शरीरात सेरोटोनिनचा परिणाम अति झाल्याने होणारा) बहुधा औषध सुरू केल्यापासून किंवा वाढवल्यापासून २४ तासांत येतो: घाम, जुलाब, विस्फारलेल्या बाहुल्या, तीव्र झालेले रिफ्लेक्स आणि पायात क्लोनस (स्नायूंचे लयबद्ध झटके). नैराश्याच्या गोळीवर ट्रामाडॉल (वेदनाशामक) किंवा लिनेझोलिड (अँटिबायोटिक) चढलं की हा संशय घ्यायचा. अँटिसायकोटिकमुळे होणारा न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम दिवसागणिक वाढत जातो: ताप, शिशाच्या नळीसारखे ताठर स्नायू, मंदावलेले रिफ्लेक्स, चढलेलं सीके (स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम). दोन्हीत औषध थांबवायचं आणि रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात हलवायचं.

बेंझोडायझेपिन (चिंता आणि झोपेसाठीची शामक औषधं) गटात सुरू करतानाच थांबवण्याची तारीख ठरवा. लांब चाललेलं औषध एकदम तोडलं तर फिट येऊ शकते, म्हणून हळूहळू उतरवायचं. यकृत कमजोर असेल तर लोराझेपाम किंवा ऑक्साझेपाम बरं. ओपिऑइड (अफूच्या गटातली वेदनाशामकं) किंवा दारू सोबत असेल तर श्वास मंदावण्याचा धोका आहे, हे रुग्णाबरोबर घरच्यांनाही सांगा.

शिकण्याची पद्धत म्हणाल तर एका औषधाला एकच पान. डाव्या बाजूला वेळ: देण्यापूर्वी, पहिले तीन दिवस, दोन आठवडे, दोन महिने, वर्ष, आणि बंद करताना. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका. नैराश्यावरची पॅरॉक्सेटिन दोन दिवस चुकली तरी चक्कर आणि डोक्यात विजेचे झटके जाणवतात; फ्लुओक्सेटिन आणि शरीरात त्यापासून तयार होणारा सक्रिय पदार्थ मात्र आठवडेच्या आठवडे शरीरात राहतात, म्हणून एमएओआय (नैराश्यावरच्या औषधांचा एक जुना गट) सुरू करण्यापूर्वी इतरांना दोन आठवडे पुरतात तिथे फ्लुओक्सेटिननंतर पाच लागतात. उजव्या बाजूला तुम्ही रुग्णाला विचारणार तो प्रश्न, तुमच्याच बोलीत. 'औषध नियमित घेता ना?' याला सगळे हो म्हणतात. 'गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहून गेल्या?' याला खरं उत्तर मिळतं. डोस वाढवण्याआधी हे विचारायलाच हवं, कारण न घेतलेल्या गोळीचा डोस वाढवून काही साधत नाही.

पानं यांची करा: सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, मिर्टाझापिन, बुप्रोपियॉन, हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, अॅरिपिप्राझोल, क्लोझापिन, लिथियम, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, लोराझेपाम. बाकीची यांच्याशी ताडून शिकता येतात.

रिसेप्टरचा तक्ता नंतर घ्या, आणि तोही रुग्णाच्या तक्रारीपासून मागे जात. मिर्टाझापिनने झोप आणि भूक का वाढते ते हिस्टामिनच्या एच१ रिसेप्टरमध्ये सापडेल, क्लोझापिनच्या बद्धकोष्ठतेचं मूळ अॅसिटिलकोलिनच्या मस्करिनिक रिसेप्टरमध्ये, आणि उभं राहिल्यावर येणाऱ्या चकरेचं अॅड्रेनालिनच्या अल्फा१ रिसेप्टरमध्ये. एन्झाइमच्या लांबलचक याद्यांपैकी आधी एवढंच पक्कं करा: फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन आणि बुप्रोपियॉन यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम अडवतात, आणि स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन कार्यक्षम व्हायला हेच एन्झाइम लागतं, म्हणून ते घेणाऱ्या रुग्णाला ती टाळायची, आणि फ्लुवॉक्सामिन (नैराश्यविरोधी औषध) सीवायपी१ए२ अडवतं, म्हणून क्लोझापिनवर ते चढवलं तर पातळी कित्येक पटीने वर जाते.