मॅडम, पोरगी चिनी शिकून करनार काय?

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी समुपदेशनाला बसते, तिथे हे कापूसवेचणीचे दिवस. मजूर मिळत नाहीत, बोंडं फुटून वावर पांढरं झालेलं असतं आणि घरातलं कुणीही एक दिवस रिकामं बसत नाही. अशा ऐन वेळी आई, बाबा आणि मुलगी तिघंही एस.टी. पकडून आले, तेव्हाच मला कळलं की घरात काहीतरी मोठं बिनसलंय.

बाबांनी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. "जय भीम मॅडम. तुमीच म्हनलं होतं, जाऊ द्या हिले. आता हे म्हनते मी वापस जातच नाई. मंग तुमीच सांगा, पोरगी चिनी शिकून करनार काय?"

मुलगी खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिची ओळख पटू नये म्हणून नाव, गाव, विद्यापीठ काही लिहीत नाही. एकदोन तपशीलही बदलले आहेत. पण बाबांचा प्रश्न जसाच्या तसा ठेवलाय, कारण दर वर्षी निकालानंतर तो माझ्या टेबलावर येतोच. विषय कधी जर्मन असतो, कधी पाली, कधी भूगोल. चिनी म्हटलं की त्या प्रश्नात आणखी दोन भीती मिसळतात: ही भाषा माणसाला येते तरी का, आणि लोक काय म्हणतील.

ही मुलगी चिनीकडे कशी वळली, ते सांगायला हवं. बारावी कला शाखेतून झाली. गावच्या विहारात वर्षावासात एक भंते, म्हणजे बौद्ध भिक्षू, आले होते. बोलता बोलता ते म्हणाले की बौद्ध धम्माचे कितीतरी ग्रंथ मूळ संस्कृतात आज मिळत नाहीत, पण चिनी भाषांतरात टिकून आहेत. हिच्या डोक्यात ते बसलं. माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तिने विचारलं होतं, "आपली पुस्तकं त्यायच्या भाषेत काहून, मॅडम?" मला हा प्रश्न फार आवडला होता. सातव्या शतकात युआन च्वांग हा चिनी बौद्ध भिक्षू इकडे आला, महाराष्ट्र आणि पुलकेशी राजाबद्दल त्याने लिहून ठेवलं, ६४५ साली परत गेला तो ६५७ ग्रंथ घेऊन आणि उरलेलं आयुष्य भाषांतरात घालवलं, हे मी तिला सांगितलं. आपल्याकडचे पालीचे अभ्यासक पु. वि. बापट यांनी १९३७ साली 'विसुद्धिमग्ग' या पाली बौद्ध ग्रंथाची तुलना ज्या 'विमुत्तिमग्ग' ग्रंथाशी केली, तो चिनी भाषांतरातूनच हाती आला होता, हेही सांगितलं. मराठी माणसाने चिनी शिकणं ही काल-परवाची गोष्ट नाही.

मग आम्ही जागा शोधल्या. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनीची पदवी आहे, दिल्ली विद्यापीठात पूर्व आशियाई अभ्यासाचा विभाग आहे. शांतिनिकेतनात विश्वभारतीचं चीना भवन रवींद्रनाथ आणि चिनी विद्वान तान युन-शान यांनी १९३७ साली उभं केलं. बनारस हिंदू विद्यापीठातही चिनी शिकवतात. आणि आपल्या उंबऱ्यावरच, वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात, चिनीचे वर्ग चालत आले आहेत. (कोणत्या वर्षी कोणता अभ्यासक्रम चालू आहे, हे मात्र प्रत्यक्ष जाऊनच विचारावं. फोनवरच्या उत्तरावर विसंबून अर्ज भरू नये.) केंद्रीय विद्यापीठाला सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिने दिली, लांबच्या एका विद्यापीठात नंबर लागला आणि जुलैमध्ये बाबा स्वतः रेल्वेने सोडून आले.

आणि नोव्हेंबरात ती माझ्यासमोर बसून रडत होती.

आईबाबांना मी बाहेर चहाला पाठवलं. पालक समोर असताना मुलं खरं कारण सांगत नाहीत, आईबाबांना पटेल ते सांगतात. पाच मिनिटं गेली. मग ती म्हणाली, "मॅडम, माह्यं इंग्रजीच कच्चं हाय. तिथं चिनी इंग्रजीतून शिकवतात. मी पयले इंग्रजी समजून घेतो, मंग मराठी करतो, तोवर वर्ग पुढं निघून जाते." वर्गातली काही मुलं शाळेपासून थोडी चिनी शिकून आलेली. श्रुतलेखनात हिला वीसपैकी चार. एकदा आई या अर्थाचा शब्द म्हणताना सूर चुकला आणि त्याचा घोडा झाला. सगळा वर्ग हसला. तसं ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याचं होतं. पण त्याआधीच हिच्या हिंदीतल्या 'च' आणि 'ज'वरून वसतिगृहात नकला होत होत्या. त्या दिवसानंतर तिने वर्गात तोंड उघडणंच बंद केलं.

मी तिची वही मागितली. चौकटीची वही होती, एकेक अक्षर चाळीस-चाळीस वेळा घोटलेलं. कष्ट कमी पडले होते असं कुणी म्हणू शकलं नसतं. समासात प्रत्येक अक्षराचा अर्थ इंग्रजीत, काही ठिकाणी खाली हिंदीत. पूर्ण वहीत मराठीचा एक शब्द नव्हता.

"मराठीत का नाही लिहिलंस?"

"तिथं कोनीच मराठीत लिहीत नाई."

मला चिनी येत नाही. म्हणून मी म्हटलं, "तू मला पहिला धडा शिकव. पण मराठीतून. इंग्रजी शब्द वापरायचा नाही." ही माझी जुनी पद्धत आहे. जे आपल्याला येत नाही असं मूल म्हणतं, ते त्याला दुसऱ्याला शिकवायला लावायचं. काय येतं आणि नेमकं कुठे अडतं, ते आपोआप समोर येतं.

तिने उच्चारांचा तक्ता उघडला. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीला पिनयिन म्हणतात. ती सांगू लागली, "हे इंग्रजी 'बी' अक्षर लिहिलं हाय, पन हा ब नाई मॅडम. हा आपला प हाय. अन् 'पी' लिहिलं हाय तो फ. दोनी ओठ जुळवून, हवा सोडून." तसंच डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांना हा फरक महिनोनमहिने घोटावा लागतो, कारण इंग्रजीत प आणि फ यांच्यात हवेवरून शब्द बदलत नाही. आपल्याकडे पहिलीतलं पोर बाराखडी म्हणताना तो करतं. पुढे झेड आला. ती म्हणाली, "हा ज नाई. हा त्स... म्हंजे चुलीतला च." आणि थांबली. चूल, चाक, चमचा यातला आपला दंत्य च. हिंदीत तो नाही, म्हणून तर तिच्या नकला झाल्या होत्या. तोच च या भाषेत पहिल्या धड्यापासून लागतो.

ती बराच वेळ त्या तक्त्याकडे पाहत राहिली. मीही काही बोलले नाही.

तेवढ्यात आईबाबा परत आले. आईचा फोन वाजला, बहिणीचा होता. आई फक्त ऐकत होती आणि मधूनमधून हुंकार देत होती. एक लांब, सपाट हंऽऽ, म्हणजे तू बोल, मी ऐकतेय. एक वर चढणारा, म्हणजे काय म्हणालीस? एक खाली जाऊन पुन्हा वर येणारा, खरं वाटत नाही तेव्हाचा. आणि एक तुटक, वरून खाली आपटलेला, म्हणजे झालं, ठरलं. मुलीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मँडरिनमध्ये, म्हणजे ती शिकते त्या प्रमाण चिनीत, चार सूर आहेत ते हेच: सपाट, चढता, वाकून उठणारा, उतरता. अर्थात आपल्याकडे सुराने मन कळतं, तिकडे शब्दच बदलतो, हा फरक मोठा आहे आणि तो सरावानेच अंगवळणी पडेल. पण गळ्याला हे चारही रस्ते ठाऊक नाहीत, असं तिला आता म्हणता येईना.

बाबा वही चाळत होते. एका चौकोनावर त्यांचं बोट थांबलं. आत उभी-आडवी रेघ. "हे काय व्हय?"

"वावर."

"वाटनी झालेलं दिसते. धुरे बरोबर पाडले."

तिने पुढचं दाखवलं. वर वावर, खाली बळ, आणि दोन्ही मिळून पुरुष. आई फोन ठेवता ठेवता म्हणाली, "अन् निंदन कोन करते?" बाबा हसले. मग त्यांनी विचारलं, "कापूस कसा लिवते यायच्यात?"

मुलीला तो येत होता. तिने माझ्या टेबलावरचा कागद ओढला. डावीकडे झाड काढलं. उजवीकडे वर पांढऱ्याचं चिन्ह, त्याच्या खाली कापडाचं. "झाड, पांढरं, अन् खाली कापड. दस्तीवानी." बाबांनी कागद हातात घेतला. वेचणीने बोटांची टोकं फाटलेली होती, बोंडाच्या टोकांनी फाटतात तशी. त्या बोटाने त्यांनी तिन्ही तुकड्यांवरून एकदा हात फिरवला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

तरी त्यांचा मूळ प्रश्न शिल्लक होताच आणि तो टाळणं मला बरं वाटेना. मुलगी हसली म्हणून पोटापाण्याचा प्रश्न सुटत नाही.

मी त्यांना सांगितलं ते असं. चीनशी आपला व्यापार २०२४-२५ मध्ये १२७ अब्ज डॉलरच्या घरात होता. तुमच्या हातातला मोबाइल, कारखान्यातली यंत्रं, नागपूर मेट्रोचे डबेसुद्धा तिकडून आलेले आहेत. एवढ्या व्यवहाराला भाषा जाणणारी माणसं लागतात. पण नुसत्या पदवीला ही कामं मिळत नाहीत. एचएसके नावाची चिनी भाषेची परीक्षा आहे. तिच्या रूढ सहा पातळ्यांत पहिलीला १५० शब्द लागतात, चौथीला १२०० आणि पाचवीला २५००. पहिल्या-दुसऱ्या पातळीवर कुणी नोकरी देत नाही. चौथी-पाचवी गाठली तर बोलणं सुरू होतं. साधं भाषांतर आता मोबाइल करतो, ते काम कमी होत जाणार. म्हणून भाषेच्या जोडीला दुसरं काहीतरी हवंच: व्यापार, कायदा, किंवा हिच्या मनात आहे तसं पाली आणि बौद्ध अभ्यास. आणि हे क्षेत्र राजकारणाच्या हवेवर हलतं. २०२० साली सीमेवर गलवानची चकमक झाली, कोविड आला, चीनने परदेशी विद्यार्थ्यांना दोन वर्षांहून जास्त दार बंद ठेवलं. थेट विमानं बंद झाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. असं पुढेही होऊ शकतं. ते गृहीत धरूनच पाऊल टाकायचं.

बाबा म्हणाले, "गावात म्हनतात, दुश्मनाची भाषा शिकवून रायला."

यावर मला चीड येते आणि मी ती लपवत नाही. आपलं सैन्य मँडरिन शिकतं, सीमेवरचं आयटीबीपी, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस दल, शिकतं, परराष्ट्र खात्याचे अधिकारी शिकतात. शेजाऱ्याशी भांडायचं असो की बोलायचं, त्याचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून भागत नाही. आणि १९३८ साली जखमींच्या सेवेसाठी पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते हे आपण ऐकलेलं असतं. त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथली भाषा शिकले, त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. गावात कुणी बोललं तर हे सांगा, भाऊ. मान खाली घालून ऐकून घेऊ नका.

मग ठरवाठरवी. मुलीला "परत जा" असं मी म्हटलं नाही. कुठल्याच मुलाला मी असं ढकलत नाही. मी विचारलं, "विषय सोडायचाय की तिथलं हसणं सोडायचंय?" ती म्हणाली, "हसनं." तेव्हा मेच्या परीक्षेपर्यंत जायचं आणि मग तिघांनी पुन्हा माझ्याकडे यायचं, असं ठरलं. तेव्हाही नकोच वाटलं तर वर्ध्याची चौकशी करायची किंवा पालीला जवळ प्रवेश घ्यायचा. वर्ष वाया गेलं म्हणून घरात कुणी एक शब्द बोलायचा नाही, हे मी बाबांकडून कबूल करून घेतलं. वहीचा समास आजपासून मराठीत. विभागातल्या शिक्षकांना भेटून इंग्रजीची अडचण स्पष्ट सांगायची. बहुतेक मुलं ती लपवतात आणि शिक्षकाला वाटतं मूल अभ्यास करत नाही. आणि रोज रात्री आईला फोन करून पाच मिनिटं मोठ्याने धडा वाचून दाखवायचा. आईला काही कळणार नाही, पण तिच्यासमोर चुकायची भीती वाटत नाही.

हे शेवटचं सगळ्यात जास्त लागू पडलं, असं तिने नंतर सांगितलं. आई वेचणीहून येऊन स्वयंपाक करता करता फोन कानाला लावायची आणि मधूनमधून "हं" म्हणायची.

सगळं लगेच सुरळीत झालं नाही. जानेवारीत ती पुन्हा एकदा कोसळली, एका पेपरात काठावर पास झाली. मेमध्ये तिघं आले तेव्हा बोलणं दहा मिनिटांत संपलं, कारण ती राहणार हे येण्याआधीच ठरलेलं होतं. वर्गात हसणाऱ्यांपैकी एकजण आता तिच्याकडून झेडचा उच्चार घोटून घेतो, हे सांगताना तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात फोन होता. एचएसकेच्या तिसऱ्या पातळीचा फॉर्म भरू की थेट चौथीची तयारी करू, असं विचारत होती. मी म्हटलं, हे मला नाही सांगता येणार, तुझ्या मॅडमना विचार. ती म्हणाली, त्यांना विचारलंय, त्या म्हणाल्या चौथी. मला फक्त तुम्हाला सांगायचं होतं.