रिकाम्या नमुना-फॉर्मचे काय करावे?

प्रश्न: जँगो या पायथॉनमधील वेब-फ्रेमवर्कच्या फॉर्मसेटमध्ये (एकाच पानावरील सारख्या फॉर्मांच्या संचात) ‘आणखी एक ओळ’ हे बटण दाबल्यावर मी पहिल्याच फॉर्मची नक्कल पानावर जोडतो, परंतु जतन करताना एकच नोंद राहते. असे का होते?

उत्तर: नक्कल केलेल्या रकान्यांची नावे मूळचीच राहतात आणि एका नावाच्या दोन किमती आल्या की जँगो शेवटची उचलतो, म्हणून आपली पहिली ओळ पुसली जाते. यासाठी फॉर्मसेटचा ‘एम्प्टी फॉर्म’, म्हणजे रिकामा नमुना-फॉर्म, वापरावा. त्यातील रकान्यांच्या नावांत क्रमांकाच्या जागी ‘__प्रीफिक्स__’ हा शब्द असतो. हा नमुना एचटीएमएलच्या ‘टेम्प्लेट’ टॅगमध्ये (जँगोच्या टेम्प्लेट टॅगमध्ये नव्हे) ठेवावा, म्हणजे तो दिसतही नाही आणि पाठवलाही जात नाही. नवी ओळ जोडताना त्या शब्दाऐवजी एकूण फॉर्म किती हे सांगणाऱ्या ‘टोटल फॉर्म्स’ या लपलेल्या रकान्यातील चालू संख्या घालावी आणि मगच ती संख्या एकाने वाढवावी. मोजणी ० पासून असल्याने हाच क्रम बरोबर ठरतो.

ओळ काढताना मात्र बहुतेकांची फसगत होते. ०, १, २ यांपैकी १ क्रमांकाची ओळ काढून एकूण संख्या २ केली, तर सर्व्हर ० आणि १ एवढेच वाचतो आणि २ क्रमांकाची भरलेली ओळ निमूटपणे गळते. संख्या ३ च ठेवल्यास मधली जागा रिकामी जादा ओळ मानून सोडून दिली जाते. अशा ओळीचा ‘क्लीन्ड डेटा’ (तपासून घेतलेली माहिती) रिकामा असतो, त्यामुळे त्यातून किंमत काढण्यापूर्वी ‘हॅज चेंज्ड’, म्हणजे ओळीत काही बदलले आहे का, हे तपासावे.