माझा ससा स्वतःचीच लेंडी खातो आणि आता पिंजऱ्यात चिकट गोळेही सापडतात. त्याला जुलाब झालेत का?

तुम्ही लिहिलंय की ससा मान खाली घालून स्वतःची लेंडी खातो, चार दिवसांपासून सकाळी काळपट, चिकट, वास मारणारे गोळे दिसतात, पण सुकी गोल लेंडीही पडते आणि भूक नेहमीसारखी आहे. या वर्णनावरून हे जुलाब वाटत नाहीत. जुलाबाचं औषध मनाने देऊ नका आणि लेंडी खाण्यापासून त्याला अडवूही नका.

सशाच्या पोटातून दोन वेगळ्या गोष्टी बाहेर पडतात. एक आपल्याला रोज दिसते ती: कोरडी, गोल, हरभऱ्याएवढी, चुरडली की आत नुसता गवताचा भुसा. दुसरी म्हणजे तुम्हाला सापडलेली: मऊ, चकचकीत, तुतीच्या फळासारखी एकमेकांना चिकटलेली. तिला सेकोट्रोप म्हणतात. सशाच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावर सीकम नावाची भली मोठी पिशवी असते. मोठं आतडं गवताचे जाड तंतू वेगळे काढून पुढे ढकलतं, त्यांची सुकी लेंडी होते. बारीक कण आणि पाणी उलटं मागे सीकममध्ये जातं. तिथे जिवाणू ते आंबवतात, त्यातून प्रथिनं आणि बी, के जीवनसत्त्वं तयार होतात. पण हे सगळं तयार होतं लहान आतड्याच्या पुढे, म्हणजे अन्न शोषून घेण्याची मुख्य जागा मागे पडल्यावर. म्हणून ससा ते सेकोट्रोप गुदद्वारातूनच थेट तोंडात घेतो आणि गिळतो. ते त्याचं दुसरं जेवण आहे. निरोगी सशाच्या घरात हे गोळे आपल्याला सहसा दिसतच नाहीत.

तेव्हा तो खातो ही काळजीची गोष्ट नाही. काही गोळे मागे उरताहेत, ही आहे.

माझ्या थोरल्या सशिणीच्या वेळी मी नेमकी उलट वागले होते. पोट बिघडलंय असं समजून गवत कमी केलं आणि ‘हलकं’ म्हणून गोळीखाद्य वाढवलं. आठवड्याभरात तिच्या मागच्या केसांत गोळे चिकटून थर झाला. तिचं वजन आधीच जास्त होतं, वाकून तोंड तिथवर पोहोचत नव्हतं, आणि मी तिला आणखी जड करत होते. आजही त्याचं वाईट वाटतं.

बहुतेक वेळा कारण खाण्यातच असतं. गोळीखाद्य, फळं, गाजर, पाव-बिस्किटं यांतली साखर आणि पिष्ट वाढलं की सीकममधल्या जिवाणूंचा तोल जातो. गोळे जास्त पातळ होतात, किंवा पोट आधीच भरल्यामुळे ससा ते सोडून देतो. सुकं गवत दिवसरात्र समोर असू द्या, त्याच्या खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा तोच हवा. पाव-बिस्किटं बंद, फळं सध्या बंद. गोळीखाद्य मोठ्या सशाला वजनाच्या किलोमागे रोज साधारण 25 ग्रॅमच्या वर नको, आणि तेही एकदम न तोडता आठवडा-दोन आठवड्यांत खाली आणा. एवढं करूनही गोळे उरत असतील तर दुखणं शोधायला हवं. सशाचे दात जन्मभर वाढतात. दाढेला टोक आलं की जीभ-गाल सोलले जातात. म्हातारपणी कंबर आणि सांधे धरतात. हे डॉक्टरांनीच तपासायचं.

रोज एकदा त्याला उचलून मागची बाजू बघा. घाण चिकटून राहिली तर माश्या तिथे अंडी घालतात, एका दिवसात अळ्या होतात आणि त्या जिवंत कातडीत शिरतात.

खरे जुलाब वेगळे असतात: पाण्यासारखे, आणि गोल लेंडी पूर्ण बंद. लहान पिल्लाला असं झालं तर एक तासही थांबू नका.

पण सशाची लेंडी दिसेनाशी झाली की मला त्याहून जास्त भीती वाटते. आधी ती बारीक, वेडीवाकडी होते, मग थांबते. ससा कोपऱ्यात अंग आखडून बसतो, दात करकर वाजवतो, आवडीचा पालासुद्धा हुंगून सोडतो. आतड्यांची हालचाल मंदावल्याची ही खूण आहे. दहा-बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंडी नाही, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. पोट फुगून टणक झालं असेल तर तेवढीही वाट बघू नका, आणि जबरदस्तीने भरवू नका. सशाला उलटी करता येत नाही, आत काही अडकलं असेल तर भरवलेलं जीवावर बेततं.

डॉक्टर सशांवर नेहमी उपचार करणारे निवडा. अमॉक्सिसिलिनसारखं कुत्र्या-मांजरांना सर्रास दिलं जाणारं अँटिबायोटिक सशाला तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. जाताना त्या दिवसाची लेंडी, सुकी आणि मऊ दोन्ही, वेगवेगळ्या डब्यांत सोबत न्या. आणि खाण्यात काय, किती देता ते खरंखरं सांगा, अधूनमधून दिलेल्या बिस्किटाच्या तुकड्यासकट.