खांदा दुखतो हे आधी सांगायचं

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

निवड चाचणी तोंडावर आली आणि खांदा दुखतोय हे मला तुझ्या आईकडून कळलं. रागावलो नाही. पण बेसबॉलमध्ये पिचरच, म्हणजे चेंडू फेकणाराच, व्हायचं म्हणतोस, तर मार्क फिड्रिच तुला माहीत असायला हवा.

1976 चा सीझन सुरू झाला तेव्हा अमेरिकेतल्या डेट्रॉइट टायगर्स संघाच्या या एकवीस वर्षांच्या पोराला कुणी ओळखत नव्हतं. मे महिन्यात पहिल्यांदाच सुरुवातीपासून पिचिंग मिळालं आणि त्याने क्लीव्हलंडच्या संघाला फक्त दोन हिट (यशस्वी फटके) दिले. गुडघ्यांवर बसून माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची, माती हाताने सारखी करायचा, चेंडूशी बोलायचा. कुरळ्या केसांच्या त्या उंच मुलाला लोक ‘द बर्ड’ म्हणू लागले. जूनअखेर त्याने न्यूयॉर्क यांकीज संघाला 5-1 हरवलं ते टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिलं. सीझनअखेर 19 विजय, 9 पराभव, दर नऊ इनिंगमागे (इनिंग म्हणजे डाव) दिलेल्या धावांची 2.34 ची सरासरी आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित हा मान.

तुला हेच आकडे आवडतील. माझी नजर दुसरीकडे जाते. 29 सामने त्याने सुरू केले, त्यातले 24 एकट्याने संपवले. काही तर नेहमीच्या नऊऐवजी अकरा इनिंगपर्यंत लांबले! एकूण अडीचशे इनिंग, आणि तीही एकविसाव्या वर्षी. आजच्यासारखे चेंडू मोजून पिचर बदलायची रीत तेव्हा नव्हती, म्हणून एकट्या मॅनेजरला बोल लावण्यात अर्थ नाही.

पुढच्या मार्चमध्ये सरावात उंच चेंडू झेलताना त्याच्या गुडघ्याची कूर्चा फाटली. ऑपरेशन झालं आणि मेअखेर स्वारी परत माउंडवर! जुलैत बाल्टिमोरविरुद्ध खेळताना हातातली ताकदच गेली. गुडघा कच्चा असताना फेकलं की पायाने न दिलेला जोर खांद्याला द्यावा लागतो; त्याचंही तेच झालं असावं, असं मला वाटतं. नंतर 1978 मध्ये तीन सामने, 1979 मध्ये चार, 1980 मध्ये नऊ. सव्विसाव्या वर्षी मेजर लीगमधली, म्हणजे सर्वात वरच्या पातळीवरची, त्याची कारकीर्द संपली. त्यानंतरही तो खालच्या लीगमध्ये धडपडत राहिला. खांद्याचा रोटेटर कफ (सांधा धरून ठेवणारे स्नायू आणि कंडरा) फाटलाय हे निदान डॉक्टर जेम्स अँड्र्यूजनी केलं 1985 मध्ये. तोवर सगळं हातचं गेलं होतं.

त्याच 1976 मध्ये टॉमी जॉन हा दुसरा पिचर दुखापतीतून परतला होता. 1974 मध्ये कोपराचं ऑपरेशन, 1975 चा अख्खा सीझन बाहेर. त्यानंतर त्याने 164 सामने जिंकले आणि 1989 पर्यंत खेळला. कोपर वेगळं, खांदा वेगळा, मान्य. तरी निदान वेळेत झालं आणि तो वर्षभर थांबला, हे विसरू नकोस.

फिड्रिच पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या गावी, नॉर्थबरोला, शेतीत रमला, स्वतःचा डंपर चालवला. रडत बसला नाही, याचं मला कौतुक आहे. पण तुला एवढ्या लवकर तिकडे वळायची काय घाई?

तेव्हा उद्यापासून फेकणं बंद. पळ, पायांचे व्यायाम कर. वेदनाशामक गोळी खाऊन नेटमध्ये उतरलास तर मला कळेलच. या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि दुखणं फेकताना होतं, फेकल्यावर होतं की रात्री झोपेत, हे त्यांना नीट सांग. ‘काही नाही, थोडंसंच’ असलं उत्तर तिथे देऊ नकोस. रिपोर्ट मला पाठव, मग चाचणीचं ठरवू. आईला नमस्कार सांग.

तुझा,
सर